सुतारपक्षी



गेले दोन अंक आमचं हे सदर तुम्हाला दिसलं नाही. संपादकांनी दोन्ही वेळा शेवटच्या पानावर चौकटीत छापलं होतं, 'लेखक प्रवासात असल्यामुळे या अंकात सदर देता आले नाही. क्षमस्व.' त्यावर आम्हाला बरेच फोन आले. एका वहिनींनी विचारलं, "युरोपला जाऊन आलात वाटतं? फोटो कधी दाखवताय?" दुसरे एक गृहस्थ रागावले. म्हणाले, "पुण्याला गेला होतात तर निदान सांगायचं तरी! आमचं मेतकूट आणलं असतंत." सगळ्यांना आम्ही "भेटल्यावर सांगतो" असं म्हणून वेळ मारून नेली.

खरी गोष्ट अशी, की आम्ही कुठंही गेलो नव्हतो. इथं न्यू जर्सीतच होतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, पडदे ओढून, भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. चौकटीतला तो मजकूर आम्हीच संपादकांना सुचवला होता. बिचाऱ्यांनी आमच्या शब्दाखातर दोनदा खोटं छापलं. त्याची भरपाई म्हणून या वेळी खरं काय ते लिहितो.

आम्हाला डिप्रेशन झालं होतं. मराठीत त्याला 'नैराश्य' म्हणतात, पण हा शब्द आपण बोलताना वापरत नाही. आपण 'उदास वाटतंय' म्हणतो, आणि उदास तर माणसाला पाऊस पडला तरी वाटतं. आमचं तसं नव्हतं. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. दात घासायला उठायचं म्हणजे सिंहगड चढण्याइतकं काम. पेपर वाचायला घेतला तर एकच ओळ चारदा वाचायची आणि पाचव्यांदाही कळायची नाही. जेवणाला चव नाही, गाण्यात मन नाही. ज्या भीमसेनांच्या कॅसेट्स आम्ही मुंबईहून निघताना कपडे कमी करून बॅगेत भरल्या होत्या, त्या लावल्या तर नुसता आवाज ऐकू यायचा.

मंडळाच्या गणपतीला गेलो नाही. "ऑफिसचं काम आहे" असं सौ.नं सगळ्यांना सांगितलं. दिवाळीच्या फराळाला गेलो आणि अर्ध्या तासात परत आलो. ज्यांना थोडी कुणकुण होती ते प्रेमानंच विचारायचे, "अहो, पण तुम्हाला काय कमी आहे?" घराचं कर्ज फिटलेलं, मुलं मार्गाला लागलेली, नोकरी शाबूत. खरंच, काय कमी होतं? हा प्रश्न आम्ही स्वतःला रोज विचारत होतो, आणि उत्तर सापडत नव्हतं म्हणून स्वतःलाच आणखी दोष देत होतो. पुण्याहून ताईचा फोन यायचा, "मनाला लावून घेऊ नकोस रे. रोज संध्याकाळी रामरक्षा म्हण." म्हटली. रामरक्षेनं पंधरा मिनिटं बरं वाटायचं, नाही असं नाही.

एका रात्री आमच्या मनात जे आलं ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की ते आम्ही सौ.ला उठवून सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. दिवा लावला, आमच्याशेजारी बसून राहिली आणि सकाळी आठ वाजता डॉक्टरांना फोन केला. त्या रात्री तोंडातून शब्द निघाले नसते तर हे सदर आज कुणी लिहिलं नसतं. म्हणून हे वाक्य आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल: असं काही मनात आलं तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा. या देशात २०२२ सालापासून ९८८ हा तीन आकडी नंबर आहे. दिवसरात्र केव्हाही फिरवा, पलीकडं माणूस असतो.

आता उपचारांकडं वळतो. गोळ्या आधीच चालू होत्या. पहिल्या गोळीनं तोंड कोरडं पडलं आणि झोप उडाली, बाकी काही झालं नाही. दुसरीनं थोडा फरक पडला, पण थोडाच. आम्हाला वाटलं, आमच्यातच काहीतरी खोट आहे. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की असं पुष्कळांचं होतं. या देशात सुमारे चार हजार रुग्णांची एक मोठी पाहणी झाली होती. डॅलसचे डॉ. मधुकर त्रिवेदी तिच्या प्रमुखांपैकी एक, आणि तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या गोळीनं पूर्ण बरे झालेले निघाले साधारण एक तृतीयांश. बाकीच्यांना गोळी बदलावी लागली, जोड द्यावी लागली, आणि प्रत्येक पायरीगणिक बरं होण्याचं प्रमाण उतरत गेलं. म्हणजे दोन गोळ्या लागू न पडलेले आम्ही काही जगावेगळे नव्हतो.

मग त्या म्हणाल्या, "आता आपण टीएमएस करून पाहू या. चुंबकाच्या साहाय्यानं मेंदूच्या एका भागाला चालना द्यायची."

घरी येऊन ही बातमी जवळच्या चार माणसांना सांगितली आणि चार सल्ले मिळाले. ताई फोनवर घाबरीघुबरी झाली, "शॉक देणार? नको रे बाबा!" तिच्या डोळ्यांसमोर जुने सिनेमे होते. एका मावशींनी पार्सलनं चुंबकाची माळ आणि चुंबकाचा पट्टा पाठवला. "हेच ते, आणि फुकटात," अशी चिठ्ठी सोबत.

दोन्ही गैरसमज सर्वत्र आहेत, म्हणून त्यांचा खुलासा करतो. शॉक म्हणजे ईसीटी, तो वेगळा. १९३८ साली रोममध्ये त्याची सुरुवात झाली. त्यात विजेनं मुद्दाम फिट आणतात. आता तो भूल देऊन, स्नायू सैल करण्याचं औषध देऊन करतात. भारतात २०१७ च्या कायद्यानं भुलीशिवाय देण्यावर बंदीच आहे. अतिशय गंभीर डिप्रेशनमध्ये आजही त्याच्याइतका गुणकारी उपाय नाही असं डॉक्टर सांगतात, तेव्हा त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. टीएमएसमध्ये मात्र भूल नाही, फिट आणायची नाही, रुग्ण जागा असतो आणि संपल्यावर स्वतः गाडी चालवत ऑफिसला जाऊ शकतो.

राहिली चुंबकाची माळ. तिचा खुलासा आमच्या काकांनी केला, आणि या काकांची ओळख करून द्यायला हवी. ते आमचे नात्यातले कुणी नव्हेत. मंडळाचे माजी कोशाध्यक्ष, वय पंचाहत्तरच्या पुढं, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेले आणि उभी हयात इथल्या वीज कंपनीत ट्रान्सफॉर्मर सांभाळलेले. ते माळ हातात घेऊन म्हणाले, "अरे, हे चुंबक गळ्यात घालून वर्षभर बसलास तरी आत काही हलायचं नाही. चुंबक बदलता पाहिजे, तर वीज निर्माण होते. फॅरडेनं १८३१ साली दाखवलंय. तुझं ते मशीन म्हणजे ट्रान्सफॉर्मर आहे. प्रायमरी डोक्याच्या बाहेर, सेकंडरी तुझा मेंदू!"

थट्टेत बोलले तरी विज्ञान अगदी हेच आहे. डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून हजारो अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ सोडतात. त्यानं एमआरआयच्या ताकदीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि लगेच नाहीसं होतं. हे क्षेत्र कवटीतून बिनदिक्कत आरपार जातं आणि खाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या मेंदूत सूक्ष्म प्रवाह निर्माण करतं. तेवढ्यानं तिथल्या पेशी जाग्या होतात. कातडीवरून थेट वीज सोडली तर कवटी तिला अडवते आणि दुखतं. चुंबकाला कवटीची अडचण नाही, ही यातली खरी युक्ती.

युक्ती लक्षात यायला मात्र फार काळ लागला. १८९६ साली पॅरिसच्या दार्सोन्वाल नावाच्या शास्त्रज्ञानं मोठ्या वेटोळ्यात डोकं घालून पाहिलं तर डोळ्यांपुढं उजेड चमकला. पुढं अनेक वर्षं त्याचं काही झालं नाही. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर वेटोळं धरून बटण दाबलं आणि माणसाचा हात आपोआप हलला. त्यांना नसांची तपासणी करायची होती, डिप्रेशन त्यांच्या मनातही नव्हतं. ते आणलं आपल्या इकडच्या डॉ. मार्क जॉर्ज यांनी. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाच्या सरकारी संस्थेत त्यांनी गोळ्यांना न जुमानणाऱ्या सहा रुग्णांवर रोज हा प्रयोग केला आणि १९९५ साली तो प्रसिद्ध केला. काहींना स्पष्ट गुण आला. डावीकडच्या कपाळामागचा मेंदूचा भाग डिप्रेशनमध्ये मंदावलेला असतो असं दिसून आलं होतं, म्हणून त्यांनी तीच जागा निवडली. आजही बहुतेक ठिकाणी तीच असते.

पुढची हकीकत आमच्या शेजारच्या राज्यातली. पेनसिल्व्हेनियात माल्व्हर्न नावाचं गाव आहे, आमच्या घरापासून तासा-दीड तासावर. तिथल्या न्यूरोनेटिक्स कंपनीनं यंत्र बनवलं आणि २३ ठिकाणी ३०१ रुग्णांवर चाचणी केली. फिलाडेल्फियाचे डॉ. ओरिअर्डन तिचे प्रमुख लेखक. २००७ च्या जानेवारीत एफडीएच्या सल्लागार समितीपुढं ती गेली तेव्हा समितीचं समाधान झालं नाही. फरक दिसत होता, पण बेताचा होता. अखेर ऑक्टोबर २००८ मध्ये, एक गोळी लागू न पडलेल्या प्रौढांसाठी परवानगी मिळाली. त्यानंतर २०१० साली सरकारी पैशानं झालेल्या १९० रुग्णांच्या चाचणीत खऱ्या यंत्रानं १४ टक्के पूर्ण बरे झाले आणि खोट्या यंत्रानं ५ टक्के. हे आकडे वाचून आमचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या चाचणीतला मुख्य कालावधी तीन आठवड्यांचा होता. आपण सहा आठवडे करणार, आणि गोळीही चालू ठेवणार."

पण आपण करणार म्हटल्यानं होतंय थोडंच? मध्ये विमा कंपनी आहे ना! तिचं पत्र आलं: दोन गोळ्या पुरेशा नाहीत, आणखी दोन घेऊन पाहा, मग बघू. म्हणजे आणखी सहा महिने. डॉक्टरीणबाईंनी अपील केलं. कागद हरवले म्हणून ते परत आलं. पुन्हा पाठवलं. ज्या माणसाला अंथरुणातून उठवत नाही त्यानं फोनवर पाऊण तास संगीत ऐकत थांबायचं, हा या देशातला क्रूर विनोद आहे. ते काम सौ.नं केलं. तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव असं सगळं तिनं एका जुन्या कालनिर्णयाच्या पाठीमागं लिहून ठेवलं. अकरा आठवड्यांनी ३६ वेळांना मंजुरी आली. तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्या नकारानं खचू नका. अपील हा तुमचा हक्क आहे आणि पुष्कळदा दुसऱ्या खेपेला काम होतं. आमच्यासारख्याला तो लढवायला कुणीतरी दुसरं लागतं, एवढं मात्र खरं.

पहिल्या दिवशी प्रश्नांची यादी झाली. डोक्यात धातूची क्लिप आहे का? कानाच्या आतलं यंत्र बसवलंय का? कधी फिट आली होती का? याला कारण आहे. लोखंडासारखा धातू डोक्यात असेल तर हे यंत्र चालत नाही. आणि फार क्वचित, हजारात एकाहूनही कमी रुग्णांना, फिट येऊ शकते. बायकांना कानातल्या कुड्या, केसांतल्या पिना काढून ठेवाव्या लागतात. आमच्याकडं काढण्यासारखा चष्मा तेवढा होता.

मग खुर्ची. दंतवैद्याची असते तशीच. कानात बोळे घातले. डोक्यावर टोपी घालून टेपनं मापं घेतली, शिंप्यासारखी. वेटोळं डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवून बटण दाबलं, तर आमचा उजवा अंगठा टुणकन उडाला. आम्ही उडवला नव्हता! किती जोर दिला की अंगठा हलतो यावरून प्रत्येकाचा डोस ठरतो. मग वेटोळं काही सेंटिमीटर पुढं, कपाळाकडं सरकवलं, आणि सुरू झालं. ठकठकठकठक, चार सेकंदांत चाळीस टोले. मग थोडा विसावा. पुन्हा चाळीस. सगळे मिळून तीन हजार. मूळ पद्धतीनं याला साडेसदतीस मिनिटं लागतात, आता विसावा कमी करून एकोणीस मिनिटांत उरकतात.

वाटतं कसं? डोक्यावर सुतारपक्षी बसलाय आणि कवटीला भोक पाडतोय, असं. पहिल्या आठवड्यात कपाळ दुखलं, भुवई आपोआप उडायची, दात एकमेकांवर वाजायचे. टायलेनॉल घ्यावी लागली. दुसऱ्या आठवड्यात सवय झाली. यंत्र सांभाळणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. ती रोज विचारायची, "काल काय जेवलात?" आम्हाला काल काय जेवलो ते आठवायचं नाही. मग आम्ही घरून निघताना सौ.ला विचारून जाऊ लागलो.

आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. पुढच्या तीन आठवड्यांत उरलेल्या सहा वेळा, हळूहळू कमी करत. सौ.ची नोकरी सकाळी सातची. गाडी चालवायला मनाई नव्हती, पण आम्हाला घराबाहेर काढणार कोण? हे काम काकांनी स्वतःहून अंगावर घेतलं. सकाळी पावणेआठला बेल. दार उघडलं नाही तर दुसरी बेल. मग खालून हाक, "अरे ऊठ, सुतारपक्षी वाट बघतोय!" काकांच्या थर्मासमध्ये आल्याचा चहा. रूट वनवरच्या ट्रॅफिकमध्ये ते आम्हाला १९७२ सालच्या वीज कंपनीच्या गोष्टी सांगायचे. आम्ही काही बोललो नाही तरी त्यांना चालायचं. बर्फ पडला त्या दिवशीही आले. "काका, आज राहू द्या," असं आम्ही म्हणालो तर म्हणाले, "मी कपडे केलेत, आता मी कुठं जाऊ?"

तिसरा आठवडा संपला. दर सोमवारी नऊ प्रश्नांचा कागद भरायचा असतो. प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. जितके जास्त तितकं वाईट. आमचे सुरुवातीला एकवीस होते, तीन आठवड्यांनी वीस. त्या दिवशी परत येताना आम्ही काकांना सांगितलं, की हे बंद करू या. काकांनी गाडी एका डंकिन डोनट्ससमोर उभी केली आणि म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर बसवून लगेच स्विच टाकत नाहीत. आधी तपासतात, मग हळूहळू लोड देतात. छत्तीस म्हणालेत ना? छत्तीस करू. मग तू आणि मी मिळून शिव्या देऊ."

चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही सौ.ला म्हणालो, "चहात साखर कमी आहे." एवढंच. ती आमच्याकडं बघत राहिली आणि मग सिंककडं तोंड करून रडू लागली. आम्हाला कळेना, एवढं काय लागेलसं बोललो! नंतर ती म्हणाली, "अहो, वर्ष झालं, तुम्ही कशालाही नावं ठेवली नव्हती." माणूस बरा होऊ लागला की आधी घरच्यांना कळतं, त्याला स्वतःला मागाहून, असं ती यंत्रावरची मुलगी म्हणाली होती. खरं निघालं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी काकांच्या गाडीत भीमसेनांची कॅसेट लागली होती, आणि रूट वनच्या सिग्नलला आम्ही मांडीवर ताल धरला. काकांनी पाहिलं, पण बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी कागदावर आठ गुण आले. पाचाच्या खाली आले तर पूर्ण बरे म्हणतात. तेव्हा आम्ही पूर्ण बरे झालो असं नाही. आमच्या गोळ्या चालू आहेत. गुण ओसरू शकतो आणि पुन्हा टोले घ्यावे लागू शकतात, हेही आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं आहे.

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. २०१८ साली व्हेटरन्स हॉस्पिटल्समध्ये १६४ माजी सैनिकांवर टीएमएसची चाचणी झाली. खरं यंत्र आणि खोटं यंत्र, दोन्हीकडं जवळजवळ सारखेच, चाळीस टक्क्यांच्या आसपास सैनिक बरे झाले. म्हणजे यंत्र निकामी का? इतर अनेक चाचण्यांत खरं यंत्र सरस ठरलेलं आहे, त्यामुळं तसं म्हणता येत नाही. पण त्या सैनिकांना रोज उठून कुठंतरी जायचं होतं, रोज कुणीतरी त्यांची विचारपूस करत होतं, याचाही परिणाम झाला असावा, असं अभ्यासकांना वाटलं. हे वाचून आम्ही काकांना फोन केला. म्हटलं, "काका, मला बरं यंत्रानं केलं की तुम्ही, हे कळायला मार्ग नाही." ते म्हणाले, "बिल कुणी पाठवलं? त्यानं केलं." आम्ही आमच्यापुरतं दोन्ही खरं मानतो.

शास्त्र पुढं चाललं आहे. २०१८ साली टोरांटो आणि व्हँकूव्हरच्या डॉक्टरांनी ४१४ रुग्णांवर दाखवून दिलं, की टोल्यांची लय बदलली तर साडेसदतीस मिनिटांचं काम तीन मिनिटांत तितकंच चांगलं होतं. दोन्ही गटांत जवळपास निम्म्यांना चांगला गुण आला. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला डॉ. नोलन विल्यम्स यांच्या गटानं एमआरआयवरून प्रत्येकाची नेमकी जागा शोधून दिवसाला दहा वेळा, असे पाच दिवस उपचार केले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत खऱ्या उपचाराच्या गटातले ७९ टक्के बरे झाले, खोट्याच्या गटातले १३ टक्के. रुग्ण मात्र सगळे मिळून २९ होते, तेव्हा हुरळून जाऊ नये. त्याच वर्षी एफडीएनं त्यालाही परवानगी दिली. मार्च २०२४ मध्ये पंधरा वर्षांपासूनच्या मुलांसाठीही एका यंत्राला मान्यता मिळाली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी घरी परत येऊन खोलीचं दार लावून बसलेली मुलं आपल्या ओळखीत आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

भारतातल्या वाचकांसाठी, किंवा तिथं आईवडील असणाऱ्यांसाठी: मुंबई-पुण्यातही हे उपचार मिळतात, आणि २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. ज्यांना हा आजार आतून कसा असतो ते समजून घ्यायचंय त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' बघावा. २०१७ साली त्याला सुवर्णकमळ मिळालं. त्यातली जानकी अमेरिकेतून परतलेली आहे, स्वतः या दुखण्यातून गेलेली आहे, आणि एका खचलेल्या मुलाला ती कोकणातल्या घरी आणून ठेवते. उपदेश करत नाही, नुसती जवळ असते. आमच्या काकांनी तो सिनेमा पाहिलेला नाही.

शेवटी एक मनातली गोष्ट. आपल्या मंडळात कुणाची बायपास झाली तर तो पुढच्या पॉटलकला शर्टाची वरची दोन बटणं काढून व्रण दाखवतो. बायका गुडघ्यांच्या ऑपरेशनची तुलना करतात, कुठल्या सर्जननं किती टाके घातले ते सांगतात. पण डोक्याचं काही झालं की माणूस 'प्रवासात' जातो. आम्ही गेलो, म्हणून आमच्या फोनवर मेतकुटाची चौकशी आली आणि मदतीची आली नाही. दोष फोन करणाऱ्यांचा नव्हे. त्यांना आम्हीच सांगितलं नव्हतं. हा लेख सौ.ला वाचून दाखवला तेव्हा आम्ही विचारलं, "छापू का? लेकीचं लग्न ठरायचंय, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लेकीलाच विचारा." लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, छापा. आणि माझ्याकडच्या लोकांना मी सांगते."

तेव्हा छापतो आहोत. यंदाच्या गणपतीला आम्ही येणार आहोत, आणि मोदकांना नावं ठेवणार आहोत. मोदक करणाऱ्या वहिनींनी राग मानू नये, आनंद मानावा. ज्यांना यातलं काही विचारायचं असेल त्यांनी तिथं कोपऱ्यात गाठावं, किंवा संपादकांच्या पत्त्यावर लिहावं. नाव गुप्त राहील. सकाळी पावणेआठला बेल वाजवणारं कुणी हवं असेल तर तेही सांगा. काका तयार आहेत, आणि आता आम्हीही.